इंदुमतीबाईंनी मागितलेलं गाणं

इंदूर, फाल्गुन, १९५४

लाडक्या करुणा,

सिनेमात गायला तू मुंबईला निघालीस, तेव्हा मी म्हणालो होतो, "हे दार आता तुला बंद." दोन वर्षं झाली त्याला.

आज दुपारी तुझ्या आईबरोबर मल्हारगंजात इंदुमतीबाईंकडे प्रार्थनेला गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांची आशा सोडली आहे. शेजारी पिंजारी कापूस पिंजत होता आणि खिडकीतल्या उन्हात त्याचे तंतू सावकाश तरंगत होते. मी स्तोत्र सुरू केलं, तर बाईंनी हात वर केला.

"पाद्रीजी, ते रोजच ऐकते हो. शनिवारी चर्च झाडताना करुणा गायची ना, ते नावेचं गाणं म्हणा. सिनेमातलं."

तुझी आई खाली बघत राहिली. मी गायलो. तिन्ही कडवी गायलो. बाई डोळे मिटून हसत होत्या, आणि मला वाटलं, ती खोलीच हळूहळू पाण्यावरून चालली आहे आणि पुढे तू बसली आहेस.

बाहेर आल्यावर तुझ्या आईनं विचारलं, "तुम्हाला ते सगळं पाठ कसं?"

मी चपला घालून चालू लागलो. तुला सांगतो. तू गायचीस तेव्हा मी चर्चच्या दाराबाहेर उभा असायचो. रागवायला आत यायचो, ते गाणं संपल्यावरच.

तुझा पत्ता आईकडे आहे. तो मागायला अजून माझी जीभ रेटत नाही.

तुझा,
पप्पा