डाव्या डोळ्यासाठी डुलुथला जातो आहे

अर्वो,

तू तळ्यावरून येशील तेव्हा मी घरी नसेन. शेजारच्या लोर्नाबाई मला डुलुथच्या रुग्णालयात नेत आहेत.

शनिवारी नाव गाडीच्या टपावर बांधताना तुझ्या हातून रबरी दोरी सुटली, तिचा हूक डोळ्याला लागला आणि मी ‘काही नाही झालं’ म्हणालो. ते खरं नव्हतं. तेव्हापासून डोळ्यापुढे काजळीसारखे कण तरंगताना दिसत होते. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो, की सांगायचा धीर झाला नाही, मलाच ठाऊक नाही. आज वाचता वाचता नाकाच्या बाजूने काळी सावली पानावर सरकू लागली.

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याचा पडदा मागून सुटतो आहे. मधला भाग सुटायच्या आत शस्त्रक्रिया हवी, उपाशीपोटी निघा. लोर्नाबाई दारातूनच ओरडल्या, “चार दिवस तोंड शिवून बसलात? डोळा गेल्यावर पुस्तकं काय हुंगणार आहात?”

सूप शेगडीवर आहे. नाव एकट्याने उतरवू नकोस.

पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतील. मग आठवडाभर तोंड खाली करून राहायचं, वाचन बंद. टेबलावरचं पुस्तक घेऊन ये, खूण घातली आहे. मोठ्याने वाचायला तू शाळेपासून लाजतोस, हे मी विसरलेलो नाही. पण मी जमिनीकडेच बघत असेन.

तुझा भाऊ,
एइनो