खदानीतली दुसरी गाडी

८ ऑक्टोबर २०१७, रविवार. राळेगाव

गाडी माळ्यावरून खाली काढली. रेखा म्हणाली, "त्या खेळन्याले हात लावाले टाइम हाये तुमाले. नळ गळून राह्यला तो दिसत नाही." नळ दिसतो मला. पण नळ नीट केल्याने तिचा भाऊ बाजेवरून उठणार नाही.

नितीन, माझा साळा, दसऱ्याआधीपासून पडून आहे. फवारणीच्या रोजीवर गेला होता. यंदा कपाशी डोक्याच्याही वर गेलेली. नळी वर करून मारायचं, म्हणजे अर्धं औषध आपल्याच तोंडावर. शेतातच कोसळला. जीव वाचला, डोळ्यांचं मात्र... यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, बुबुळावर पांढरं आलंय, थेंब एकही वेळ चुकवू नका, उतरेल. सध्या उजेड आणि सावली, एवढंच कळतं. तरणाबांड पोरगा दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपतो. बघवत नाही.

गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, खडक चढणारी. नागपूरच्या एका कॉलेजच्या पोराकडून जुनी घेतलेली. ही पळत नाही, दगडावर चाचपत चढते. मी बांधायची, त्याने चालवायची, असा आमचा ठराव. मागच्या वर्षी नागपूरच्या स्पर्धेत शेवटच्या दगडावर पुढचा अॅक्सल तुटला आणि आम्ही दुसरे आलो. ते मला अजून पचलेलं नाही.

यंदाची स्पर्धा डिसेंबरात. बघू.

१३ ऑक्टोबर

नि.ला हाताला धरून दुकानात आणलं. येत नव्हता. म्हटलं, मोटर बांधायला एक माणूस हवा, बसून तारेचं रीळ धर. माझं दुकान रिवाइंडिंगचं, मोटरीतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दाराशी ओळीने पडलेल्या, पण मी आधी गाडी उघडली.

पुढचा तुटका अॅक्सल काढला, नवा पोलादी कुरियरने आलाय तो बसवला. जुना चाकांसकट तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकला. नि.ने नव्या अॅक्सलवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "डाव्या बाजूचं बेअरिंग ढिलं हाये." बघितलं तर होतं.

पंधरवड्यात पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलला. रेखाला सांगितलं तर ती मोरीत जाऊन रडली.

२२ ऑक्टोबर, रविवार

गावाबाहेरची बंद पडलेली गिट्टीखदान. तळाशी हिरवं पाणी, भोवती काळे दगड. आम्ही नेहमी इथेच सराव करतो. रिमोट नि.च्या हातात दिला, मी तोंडाने सांगायचं: डावं, उजवं, थोडं मागे. स्पर्धेत सोबत्याला बोलायची परवानगी आहे, हात लावायची नाही. गाडी चारदा उलटली. मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

मग तो मान वाकडी करून म्हणाला, "भाऊजी, दुसरी गाडी कोनाची हाये?"

दुसरी गाडी नव्हती. माणूसही नव्हता. एक बकरी होती.

"मंग घसटत कोन चालून राह्यलं? दोनच चाकं हायत तिले. समोरची. मांगचं अंग दगडावर घासते."

मी म्हणालो, प्रतिध्वनी. तो म्हणाला, "हो, तसंच असंन." मी गाडी उचलून पिशवीत टाकली.

२३ ऑक्टोबर

दुपारी जेवायच्या सुट्टीत एकटाच खदानीत गेलो. गाडी चालवली, कान देऊन ऐकलं. भिंतीवरून आवाज परत येतो, हे खरं. पण येतो तो पूर्ण येतो. दोन चाकांचा कसा येईल?

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भुतंखेतं आजोबांनी छप्पन सालीच वेशीबाहेर सोडली. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१ नोव्हेंबर

मागचा अॅक्सल बदलला. चारही टायर नवे, आतला स्पंज कडक केला, पुढच्या चाकांत शिसं भरलं म्हणजे चढावर नाक उचलणार नाही. स्टीअरिंग वळवणारा सर्वो दात्यांसकट धातूचा. जुनं सगळं डब्यात. डबा आता भरत आला.

मोटर मात्र विकत घ्यायची नाही, हे पक्कं. लोक हजारांची मोटर लावून येतात. मी माझ्या हाताने गुंडाळणार. जुनी तार कापून काढली, जाड तारेचे कमी वेढे घेतले. तीच मोटर, पण आता जोर वेगळा. नि.ने रीळ धरलं. "हे काम येते मले," म्हणाला. हसला.

काढलेलं जुनं तांबं सवयीने पोत्यात टाकलं. आमच्या धंद्याची रीतच आहे, जुनं तांबं दुकानाचं.

५ नोव्हेंबर, रविवार

खदान. आज मी एक शब्द बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही.

नि.ने रिमोट घेतला, मान वाकडी केली आणि गाडी निघाली. ज्या उभ्या दगडावरून ती मागच्या वर्षीही घसरायची, तिथे थांबली, नाक उजवीकडे वळवलं, एक चाक फटीत टाकलं आणि वर. स्पर्धेत असतं तसं मी काठ्या रोवून दार केलं होतं, त्याच्या मधोमध गेली. काठीला स्पर्श नाही.

"कसं केलंस रे?"

"ती समोर जाते. मी तिच्या मांगं मांगं."

"कोण ती?"

"आपली जुनी. आज चारी चाकं हायत. मोटर बी बोलून राह्यली, मांगच्या सालची. तो दात वाजते ना, टिक टिक, तोच."

मोटरच्या गिअरचा तो दात मी स्वतः घासला होता, म्हणून आवाज मला माहीत आहे. मी ऐकायचा खूप प्रयत्न केला. वारा होता, बाकी काही नाही.

पण गाडी चढली. हे कसं नाकारू? परत येताना मी शीळ घालत होतो.

९ नोव्हेंबर

सकाळी रेखा थेंब टाकत होती, तर नि. म्हणाला, "ताई, तुहं लुगडं हिरवं हाये का?" हिरवंच होतं. रेखाने बाटली हातातच धरून शेजारणीला हाक मारली. सगळी आळी जमली. कोणी म्हणालं देवाची कृपा, कोणी म्हणालं गोळ्यांची. मी साखर आणली. आज फार दिवसांनी घरात पोटभर जेवण झालं.

बाहेर मात्र वेगळंच. दुकानात येतो तो बोंड घेऊन येतो, चिरून दाखवतो, आत गुलाबी अळी. मोटर दुरुस्तीला टाकून न्यायला कोणी येत नाही. पाणी कशाला द्यायचं, म्हणतात.

१२ नोव्हेंबर, रविवार

खदान. वाईट दिवस. गाडी तीनदा पडली, एकदा पाण्याच्या काठापर्यंत गडगडत गेली. नि. चिडला, रिमोट आपटणार होता.

"आयकूच नाही येऊन राह्यली. लय दूर गेली."

"बरं झालं. आता दिसायला लागलंय ना? डोळ्यांनी चालवशील."

"काय दिसते? धुकं दिसते. धुक्यात कोनी गाडी चालवते का?"

घरी आल्यावर रेखाला म्हणाला, "थेंब मी टाकत जाईन. लहान हावो का मी?" रेखाला बरं वाटलं. पोरगा स्वतःचं स्वतः करतो म्हणून. मलाही वाटलं.

१७ नोव्हेंबर

भंगारवाले रफिकभाई आले, पोतं नेलं. "भाईसाब, इस बार तांबा कम है." म्हटलं, मोटरीच कमी आहेत. ते गेल्यावर लक्षात आलं, गाडीच्या मोटरची जुनी तारही त्यातच होती.

त्याने काय फरक पडतो? काही नाही.

संध्याकाळी त्यांच्या गोदामाशी सायकल नेलीच. माल दुपारीच नागपूरला गेला होता. रफिकभाई विचारत होते, काही राहिलं का त्यात? मी सायकल वळवली.

१९ नोव्हेंबर, रविवार

नि.ला तांब्याचं बोललो नव्हतो. रेखालाही नाही.

खदानीत रिमोट हातात घेऊन त्याने मान वाकडी केली. मग म्हणाला, "आज मोटर नाही तिले."

मी दगडावर बसलो.

"पन चालून राह्यली, भाऊजी. गिट्टी सरकते तिच्या चाकाखाली. आयका."

आणि गाडी निघाली. आमची. त्या उभ्या दगडावरून, दारातून, पलीकडच्या कपारीतून, न अडखळता. मी इतकं सुंदर चालवणं नागपुरातही पाहिलं नाही. त्याचे डोळे गाडीकडे नव्हते. गाडीच्या थोडं पुढे, थोडं वर. पाहत होता म्हणावं तर पाहण्यासारखं तिथे काही नाही.

मी विचारलं, "मोटर नाही, मग चालवतं कोण?"

"ज्याले दिसते तो," म्हणाला. जसं काही मी विचारलं की दुकान कोणाचं, आणि तो म्हणाला, तुमचं.

वर चढून बघितलं. कपारीत दगडाच्या चुऱ्यावर टायरच्या खुणा. आमच्या नव्या टायरची नक्षी बाणासारखी. त्याच्या पुढे वीतभर चौकोनी ठोकळ्यांची नक्षी, जुन्या टायरची. ऑक्टोबरात गाडी इथवर चढलीच नव्हती, मग मागच्या वर्षीची असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मधे अख्खा पावसाळा गेला. पायाने पुसून टाकली.

२३ नोव्हेंबर

आयोजकांना फोन केला, चालवणाऱ्याला दिसत नसेल तर चालेल का. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, नियमात डोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. नाव नोंदवलं.

डबा झाकण लावून माळ्यावर ठेवला. फेकणार होतो. फेकला नाही. का, ते मला माहीत आहे: पहिलं यायचंय.

२८ नोव्हेंबर

दुपारी घरी जेवायला आलो. खिडकीतून बघितलं. नि. बाजेवर बसलेला, बाटली हातात. तळहातावर थेंब टाकले आणि लुंगीला पुसले. बाटलीचं टोपण नीट लावलं, जागेवर ठेवली. मग रेखाला आवाज दिला, "टाकले वो ताई."

मी आत गेलो नाही. मागच्या दारी नळाखाली हात धूत राहिलो.

नंतर दुकानात विचारलं. आवाज चढवणार होतो, चढला नाही.

"कधीपासून?"

"थेंब माह्या हाती आले तवापासून. दोन दिवस टाकले नाही तर ती परत जवळ आली."

"अरे, आंधळा होशील. डॉक्टर म्हणाले ना, पांढरं तसंच राहिलं तर कायमचं राहील."

तो रीळ फिरवत होता. "तुमी समजून घ्या भाऊजी. ती गाडी चालवते, तो मीच हावो. फवारनीले नाही गेलो तो. त्याचे डोये चांगले हायत. दोघायले एका टायमाले नाही दिसत. मले दिसाले लागलं का तो आंधळा होते, दगडावर थांबून जाते. मंग गाडी घेऊन तिथंच..."

मला भीती वाटली. गाडीची नाही, त्याची. इतका शांत बोलत होता.

रेखाला सांगायचं ठरवलं.

३० नोव्हेंबर

सांगितलं नाही. स्पर्धा होऊ दे, मग सांगू. तीन दिवसांत काय होतं, असं म्हणतोय. डॉक्टर म्हणाले होते, एकही वेळ नाही.

बॅटरी भरल्या. सगळे स्क्रू परत आवळले.

२ डिसेंबर, शनिवार

उद्या पहाटेच्या एस.टी.ने नागपूर. गाडी टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. रेखाने दशम्या केल्या. भावाला नवा शर्ट घेतलाय तिने, त्याच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "पहिले नाही आले तरी चालते. तू उठला बाजेवरून, बस."

मला ते सहन झालं नाही. ती स्वयंपाकघरात गेल्यावर बाटली उचलली, नि.ला म्हणालो, झोप उताणा. वाटलं होतं भांडेल. मुकाट्याने झोपला, स्वतःच्या बोटांनी पापणी उघडून धरली. उजव्या डोळ्यात टाकला. पाणी कानापर्यंत ओघळलं. डाव्याकडे हात नेला तर त्याने माझं मनगट धरलं. घट्ट नाही. नुसतं धरलं.

"हा एक राहू द्या, भाऊजी. उद्यापुरता."

मी बाटली तशीच त्याच्या डोळ्यावर धरून ठेवली.

"तुमाले बी जिकाचं हाये ना?"

आतून रेखाने विचारलं, "टाकले का दोन्ही डोयात?"

नि. माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे म्हणजे, माझ्या थोडं पुढे, थोडं वर.

हो, टाकले, असं मी सांगितलं.