सात नंबरची खाट

चिरंजीव ताईस,

कंबर मोडली म्हणून मला तुझ्याच वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर ठेवलंय. ही खाट माणसं खाते, असं सगळे म्हणायचे. हेडसिस्टर झाल्यावर तू जुने कागद तपासून सांगितलंस, ‘बाबा, ही खाट सिस्टरच्या टेबलावरून दिसत नाही. पेशंटला कुशीवर वळवायचं राहतं, पडून पडून पाठीला जखमा होतात, चिघळतात.’

मी हसलो, ‘कागदाने भूत पळतं का गं?’

दर दोन तासांनी वळवून तक्त्यावर सही करायची, असा नियम तू केलास. मरणं थांबली.

तुला हे जग सोडून वर्ष झालं. आज सिस्टर तक्ता बघून दचकली. ‘आजोबा, दोन वाजता कोणी वळवलं? ही सही कोणाची?’

मी ओळखली.

आता चारला ती वळवायला आली. म्हटलं, ‘राहू द्या, माझी पोरगी येईल.’

भीती वाटतेय गं, पण डोळे मिटणार नाही.

तुझे बाबा