यंत्राचं टोपरं

४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहायला बसले. बाबा जन्मभर टपाल वाटत फिरले आणि आपल्याला एकच शिस्त लावून गेले, की महत्त्वाचं असेल ते लिहायचं. बोललेलं माणूस नाकारतो, लिहिलेलं नाकारता येत नाही, असं ते म्हणायचे.

आमच्या बाजूला धुरानं वैताग आणलाय. समोरची पाण्याची टाकी दहा वाजेपर्यंत दिसत नाही. मी खिडक्यांना ओली फडकी बांधते. दुपारी पिळावीत तर पाणी काळंकुट्ट. गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरी शिवून ठेवल्या की तासाभरात धुवायला काढाव्या लागतात. टिल्लीचा दमा तुला ठाऊक आहे. पण आमच्या बाईसाहेबांना यंदा शाळेच्या शर्यतीत धावायचंय. रोज संध्याकाळी बूट घालून दारात हजर. नाही म्हणताना माझा जीव तुटतो रे.

वाचनालयाच्या गच्चीवरचं हवा मोजायचं यंत्र तूच सांभाळतोस ना? त्याचा आकडा चौकातल्या फलकावर येतो. तो बघून पोरीला सोडू का, एवढं नक्की सांग. सौ.ला आशीर्वाद. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या ओल्या फडक्यांचं वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो. आम्ही इतकी वर्षं उगाच शिकलो म्हणायचं!

टिल्लीचं सोपं आहे. आकडा शंभराच्या आत असला की फलक हिरवा होतो. हिरवा दिसला की तिला खुशाल पळू दे. लाल दिसला तर घरात बसव. यंत्र माझ्या हातातलं आहे, तेव्हा डोळे मिटून भरवसा ठेव.

तुझ्याकडे एक काम आहे. यंत्राच्या डोक्यावर हवा आत ओढणारी नळी असते, तिला आम्ही नाक म्हणतो. त्या नाकासाठी एक टोपरं शिवून दे. तान्ह्या बाळाचं असतं तसंच, खाली बांधायच्या नाड्या असलेलं, पण दुहेरी मलमलीचं. माप सोबत जोडलंय. किडेबिडे आत जातात, म्हणून हवंय. बाहेरच्या शिंप्याला सांगत बसायचं नाही मला. भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा धाकटा

८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टोपरं पाठवून तीन आठवडे झाले, पोचल्याची एक ओळ नाही तुझी. चांगली दुहेरी शिवण घातली होती, कडेला निळा दोरा. शिवताना टिल्लीचे बाबा विचारत होते, की तुझा भाऊ यंत्राला टोपी घालतोय की लोकांना? मी त्यांना असं झापलं, की दोन दिवस माणूस गुपचूप जेवून उठत होता. माझा भाऊ तसला नाही म्हटलं.

आणि बघ, तेव्हापासून फलक रोज हिरवा! टिल्ली त्याला मामाचा आकडा म्हणते. शाळेतून आली की आधी चौकात जाऊन बघते, आणि मग जी सुटते ती अंधार पडेपर्यंत. फडकी मात्र अजून तशीच काळी निघतात. मी म्हटलं, आपल्याला काय कळतंय, यंत्राला जास्त कळतं. शर्यत सत्तावीस तारखेला आहे, ये बघायला. येत नसलास तर निदान कान धरून माफी माग.

तुझी ताई

२ जानेवारी

चि. धाकट्यास,

शर्यतीच्या दिवशी फलकावर चौऱ्याऐंशी होते. हिरवेगार. टिल्ली अर्ध्या वाटेत पडली. ओठ निळे झाले होते. पाच दिवस ऑक्सिजनवर होती. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल, तर आज मामाचा आकडा किती आहे.

तुझी बायको भेटायला आली होती. बिचारी बोलता बोलता म्हणाली, की आमच्याकडे दोन महिने खिडक्या बंदच आहेत, फलकाकडे बघायचंच नाही असं यांनी बजावलंय. ती साधेपणानं बोलली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. टोपरं ज्याच्या हाती पाठवलं होतं त्या वॉचमननंच, ते उसवलं म्हणून आलात का, असं विचारलं आणि मला गच्चीवर नेलं. निळा दोरा लांबूनच ओळखला मी. टोपरं ओलं होतं. रोज सकाळी ते भिजवून बांधायचं, अशी साहेबांची सक्त ताकीद आहे म्हणाला. साहेब म्हणजे तू.

माझ्या फडक्यांना हसलास, आणि तीच युक्ती त्या यंत्राच्या नाकाला बांधलीस. तीही माझ्याच हातून शिवून घेऊन. फोन करू नकोस. काय ते लिही.

ताई

७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंड दाखवायला जागा नाही. वरून हुकूम होता, की आकडा शंभराच्या वर जाता कामा नये, नाहीतर दुसरा माणूस नेमू. माझी नोकरी कंत्राटी आहे, तुला माहीत आहे. मी एकदा नाही म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

तुला सांगणारच होतो. पण तुझा स्वभाव मला ठाऊक, तू चौकात उभी राहून ओरडली असतीस. टिल्ली एवढी पळेल असं वाटलं नाही गं. थोडीफार खेळेल आणि घरी येईल, असं मनाला समजावत राहिलो.

तुझ्या पाया पडतो. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझा धाकटा

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र फाडलेलं नाही. टोपरं मी स्वतः गच्चीवर जाऊन सोडलं. ते आणि तुझं पत्र, दोन्ही वाचनालयाच्या सूचना फलकावर शेजारी शेजारी टाचली आहेत. लोक रांग लावून वाचताहेत. चौकात आकडा चारशे बारा आहे. तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला कळतं. तरीही केलं.

टिल्ली काल घरी आली. तिला आता धावता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. सकाळी बंद खिडकीपाशी बसून तिनं धुरातून दिसणारा फलकाचा लाल उजेड पाहिला. मी म्हटलं, बूट कपाटात ठेवू का? तर म्हणाली, आजच्यापुरतेच ठेव, लाल असला की घरात बसायचं असं मामानं सांगितलंय.

तिचा तुझ्यावर अजून भरवसा आहे. खरं काय ते तिला तूच सांगायचंस. लिहून सांग, आता तिला वाचता येतं.

माया ठेव असं यावेळी लिहवत नाही.

टिल्लीची आई