वामनकाकांच्या आठ दांड्या

६ ऑगस्ट ८९
मनोहरभाऊंच्या गाण्याच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला. त्यांच्या मेव्हण्याने सिंगापूरहून आणला. सोबत एक काळी पेटी, तिच्यावर खाली-वर सरकवायच्या आठ दांड्या. सगळे नुसते पाहत उभे. म्हटलं, मी जोडते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा काय भिंतीवर टांगायला घेतला?
भाऊ वामनकाकांसमोरच बोलले, "आता सारं पडद्यावर पाहून करा लागते. काकांचं काम म्हणजे..." पुढचं गिळलं. काका जन्मांध. वीस वर्षं भीमगीतांना साज बसवतायत. नुसते हसले.

७ ऑगस्ट
वाजवायचा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला. त्याची एक कळ दाबली की सूर दोनदा. कोणी वेडावतंय जसं. दुपारी उलगडलं: एकदा कीबोर्ड स्वतः वाजतो, मग तोच सूर कॉम्प्युटरमधून फिरून येतो. कीबोर्डचं आपलं आपण वाजणं बंद केलं. एकच सूर, स्वच्छ! सगळ्यांना चहा पाजला.

९ ऑगस्ट
कॉम्प्युटरात वायर शिरायला वाट एकच. कीबोर्ड लावला की दांड्या मुक्या. शेवटी कीबोर्डची वायर काळ्या पेटीत, पेटीची कॉम्प्युटरात. दोन्ही चालू. पहिल्या दांडीने तबल्याचा आवाज कमी-जास्त, दुसरीने बेसचा, तिसरीने व्हायोलिनचा, असं करत आठ. काकांना हात धरून बसवलं.
"काहून वं पोरी, मले काय दिसून राहिलं?"
"पाहायचं कुठे आहे काका? सरकवा."
त्यांनी तबला हळूहळू उतरवला. मग परत चढवला. उठायलाच तयार नाहीत.

१२ ऑगस्ट
सगळ्या दांड्या हाताला सारख्याच. काकांनी व्हायोलिन समजून तबलाच बुडवला. भाऊ म्हणाले, "दसऱ्याच्या आत कॅसेट काढाची आहे. इथं शाळा नाही उघडली." डोकं तडकलं. घरी येऊन आईचे डाळ-तांदळाचे डबे उघडले.
"स्टुडिओत खिचडी करतं का वं?" आई.

१३ ऑगस्ट
डिंकाने चिकटवलं: तबल्यावर तुरीचा दाणा, बेसवर चवळी, व्हायोलिनवर तांदूळ, असे आठांवर आठ वेगळे दाणे. काकांनी एकदाच बोटं फिरवली. नंतर एकही चूक नाही.
गाणं बदललं की मात्र भानगड. दांडी जुन्या गाण्याच्याच जागी, हात लावताच नव्याचा आवाज उसळतो. काकाच म्हणाले, "नवं गाणं लावाच्या आधी आठही खाली आणून ठेवू, मंग एकेक चढवू." बस, मिटलं. हे कॉम्प्युटरसोबतच्या पुस्तकात नाही.

१९ ऑगस्ट
कामठीची कमलताई गायला आली. ती माइकसमोर, साज कॉम्प्युटरवरून, काका दांड्यांवर. शेवटच्या कडव्यात काकांनी मनानेच तबला सोडून सगळं खाली आणलं. उरला नुसता तबला आणि तिचा आवाज. गाणं संपलं तरी ताई माइकपासून हलेना.
भाऊंनी टेप दोनदा ऐकली. काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"दुसरं गाणं उद्या किती वाजता?"
कोणाला विचारलं, कळलं नाही. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "दहाले."
भाऊंनी वहीत दहाची वेळ लिहून घेतली.