लंडनचं लग्न आणि तेविसावा प्रश्न

एटोबिको,
२६ मे २०१८

तीर्थरूप सुनेत्राआत्यास,

निमिषचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी पाण्यावरून चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आता जरा उतरले असतील अशी आशा करतो. इकडे अनुया बरी आहे, जाई बरी आहे (मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते), आणि मी कसा आहे ते पुढे येईलच.

आधी एक खुलासा. निमिष राजघराण्यातल्या लग्नाला लंडनला गेला, असं तू धरमपेठेतल्या तुझ्या सकाळी फिरणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितल्याचं कानावर आलं. दोष तुझा नाही. अनुयाने स्टेटसवर 'लंडनमध्ये, रॉयल वेडिंगसाठी!' असं लिहून वर मोठ्या हॅटमधला फोटो टाकला, त्यावरून कुणाचाही समज तोच होईल. पण आत्या, हे लंडन आमच्यापासून गाडीने दोन तासांवर आहे, ओंटारियोतच. तिथून पुढे गेलं की विंडसरसुद्धा आहे. लंडनमधल्या नदीचं नावही थेम्सच ठेवलंय (इकडे आले तेव्हा गोऱ्यांकडची नावं संपली असावीत). लग्न झालं ते समुद्रापलीकडच्या विंडसरला. आम्ही ते एका म्हातारीच्या हॉलमध्ये टीव्हीवर पाहिलं. त्या हॉलपर्यंत मी कसा पोचलो हे तुला सविस्तर लिहितोय, कारण तू एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस, आणि व्हॉट्सॲपवर चार ओळींच्या वर काही आलं की तू वाचत नाहीस.

फेब्रुवारीत बँकेतलं माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. (मी 'ब्रेक घेतलाय' असं कळवलं होतं. घेतला नव्हता, दिला होता.) रोज सकाळी बेसमेंटमध्ये बसून अप्लाय करत राहिलो. कुणी नाही म्हणण्याइतकीही तसदी घेतली नाही. शेवटी एप्रिलमध्ये एअरपोर्टजवळच्या एका फोनवरून सर्व्हे करणाऱ्या कंपनीत लागलो. वर सुपरव्हायझर चिराग, मूळचा सुरतचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. यादीतल्या लोकांना फोन करायचे आणि बावीस प्रश्न विचारायचे. पहिले सात येऊ घातलेल्या लग्नाबद्दल, उरलेले राणीच्या अधिकारांबद्दल (इकडेही राष्ट्रप्रमुख तीच, तुला माहीत आहेच). तिला पंतप्रधानाला घरी पाठवता यावं का, तिची सही नसेल तर कायदा अडावा का, तिच्यानंतर हे सगळं चालू ठेवावं की बंद करावं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. आपलं मत द्यायचं नाही. "आवाज में भी राय नहीं आनी चाहिए, भाई," असं चिरागने पहिल्याच दिवशी बजावलं.

आत्या, वर्गात 'राष्ट्रप्रमुखाचे अधिकार' शिकवताना तू फळ्यावर खडू मोडेपर्यंत तळमळायचीस. इकडच्या जनतेला त्या अधिकारांबद्दल काय वाटतं, हे मी सहा आठवडे स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि माणसांवरचा माझा विश्वास उडाला. निम्म्यांनी फोन आपटला. उरलेल्यांतल्या बहुतेकांचं उत्तर 'मत नाही'. एक बाई म्हणाली, राणी म्हणजे आमच्या नवऱ्यासारखी, सगळ्या कागदांवर नाव तिचं, ठरवणारे दुसरेच. आल्बर्टातल्या एका गृहस्थाने मी इंडियन आहे हे ओळखून उलट मलाच विचारलं, तुम्ही तर तिच्या घराण्याला काढून टाकलंत ना, ते नक्की कसं केलंत, काही फॉर्म असतो का? एक आजोबा तर वीस मिनिटं अतिशय कळकळीने बोलले की मोनार्क (म्हणजे राजेराण्या, असं मी धरून चाललो) टिकलीच पाहिजेत, दरवर्षी कमी होत चाललीत, सरकार झोपलंय, प्रत्येकाने अंगणात त्यांची झाडं लावली पाहिजेत. अठराव्या प्रश्नाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोनार्क नावाचं एक नारिंगी फुलपाखरू असतं इथे. (राजेशाहीच्या बाजूने मला मिळालेलं सगळ्यात भक्कम मत ते. मी नोंदवलं.)

असाच एकदा वैतागून, फोन चालू असताना, "अरे देवा" असं तोंडातून निघून गेलं. पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज आला, "देवाला कशाला त्रास देतोस? पुढचा प्रश्न विचार."

ही युनिसबाई. मूळ वसईची, चाळीस वर्षं लंडनच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, आता ऐंशीच्या पुढे, नवरा वारलेला. सहा वर्षांत तिला मराठीत बोलायला कुणी मिळालं नव्हतं. तिने बावीस प्रश्नांना एक्केचाळीस मिनिटं घेतली. लग्नाबद्दल तिला ठाऊक नाही असं काही नव्हतं, हॅटसुद्धा शिवून तयार होती. मग मी विचारलं, आपल्या मते राणीला आणखी कोणता अधिकार असावा?

ती म्हणाली, "असा कायदा कर म्हणावं, की रविवारी मुलांनी आईला फोन करायचाच."

मी 'इतर' या रकान्यात ते लिहून घेतलं. तिचा ॲलिस्टर व्हँकुव्हरला असतो. भांडण वगैरे काही झालेलं नाही. फोन आधी महिन्या-महिन्याने यायला लागला, मग नाताळला, आणि मागचे दोन नाताळ तेही नाही. "त्याचा नंबर देते," ती म्हणाली, "त्यालाही विचार तुझे प्रश्न. निदान आवाज कसा आहे ते मला सांग."

यादीबाहेरच्या नंबराला फोन करायचा नसतो. मी केला. ॲलिस्टर सभ्य निघाला. बावीसही प्रश्नांना 'मत नाही' म्हणाला, 'थँक यू'सुद्धा म्हणाला. मी ठेवायला हवा होता, आत्या. पण मी तेविसावा प्रश्न विचारला, बाकीच्यांसारखाच वाचून दाखवल्याच्या आवाजात. आपण आईला शेवटचा फोन कधी केलात? अ, या आठवड्यात. ब, या महिन्यात. क, या वर्षी. ड, मत नाही.

मग "हू इज धिस?" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. चिरागने केबिनमध्ये बोलावून रेकॉर्डिंग माझ्यासमोर लावलं. आवाजात मत नव्हतं, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगतो, पण नोकरी गेलीच. हेडसेट परत घेताना चिराग हळूच म्हणाला, "सब ठीक था यार, पर उसको 'ड' क्यों दिया?"

घरी अनुयाने फक्त डिशवॉशर रिकामा केला, प्रत्येक ताट वेगळं वाजवत. बेचाळिसाव्या वर्षी मला दुसऱ्यांदा काढलं होतं, आणि तेही एका राणीपायी, जिच्या वारसांशी एकनिष्ठ राहायची शपथ नागरिकत्व मिळताना आम्ही तिघांनी दोनच वर्षांपूर्वी उजवा हात वर करून घेतली होती.

संध्याकाळी युनिसबाईंचा फोन (माझा नंबर तिने आधीच मागून घेतला होता). मी माफी मागायला सुरुवात केली, तर ती ऐकेचना. ॲलिस्टरने फोन केला होता! अकरा मिनिटं बोलला. त्यातली नऊ तो रागावला, अनोळखी माणसांना नंबर का देतेस म्हणून. "पण शेवटची दोन मिनिटं," ती म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेतेस का, ते विचारत होता." आणि मग आम्हाला लग्नाचं आमंत्रण.

लग्न इकडच्या वेळेने सकाळी सातला. पहाटे साडेचारला निघालो. गाडीभर अनुया एकच वाक्य म्हणत होती, की ज्यांनी दीडशे वर्षं लुटलं त्यांच्या लग्नाला झोपमोड करून जाणारी माणसं जगात आपणच. युनिसबाईंनी बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आमंत्रण चिकटवलं होतं, वीस जणांसाठी सँडविचेस आणि कप मांडले होते. आला एकच माणूस, खालच्या मजल्यावरून, आवाज कमी करा म्हणून सांगायला. जाता जाता या राजेशाही लग्नाचा खर्च कोण करतं हेही त्याने विचारलं, पण सँडविच घेतलं नाही.

युनिसबाई हॅट घालून खुर्चीत बसली. नवरी गाडीतून उतरली तेव्हा जागी होती. चर्चच्या पायऱ्यांवर होती. आणि शपथा सुरू व्हायच्या ऐन वेळी, महिनाभर जिची वाट पाहिली त्या क्षणाला, तिची मान कलली आणि ती गाढ झोपली. मी उठवणार तर अनुयाने माझा हात धरला. हॅट डोळ्यांवर आली होती, ती तिने अलगद काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. (तो फोटो जाईने काढला.)

ती जागी झाली तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. "झालं?" तिने विचारलं.

अनुया तिच्या पायाशी बसली आणि सांगायला लागली. झग्याचा घोळ किती लांब, नवरदेव ओठ कसा चावत होता, कोण रडलं, राणीने कुठल्या रंगाचं काय घातलं होतं, सगळं. वीस मिनिटं. युनिसबाई मधेमधे "हो का गं?" म्हणत डोळे पुसत होती. मला वाटतं आम्ही सगळेच या देशात कुणाचा तरी फोन येईल म्हणून बसलो आहोत, आणि त्यावर ना राणीचा इलाज आहे ना पार्लमेंटचा. नवीन नोकरीचं अजून नक्की नाही. थंडी मात्र एकदाची गेली.

प्रकृतीला जप. गुडघ्यावर चढउतार नको.

तुझा भाचा,
निमिष

ता. क. नोकरीचं नक्की नाही हे खरं नाही. एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये लागलोय, पण सुटी मंगळवारी, रविवारी दिवसभर ड्युटी. युनिसबाईंना मी दर रविवारी फोन करायचं कबूल केलं होतं. म्हणून तुझा नंबर तिला दिला आहे. सतरा जूनच्या रविवारी, तुझ्या संध्याकाळी साडेसातला, ती करेल. उचल.

ता. क. २. तूही टीव्हीवर लग्न पाहिलंस आणि तुला रडू आलं, असं मी तिला सांगितलंय. तुझी मतं मला तोंडपाठ आहेत. पण कृपा करून पहिल्याच फोनला राजेशाही बरखास्त करू नकोस. निदान तीन-चार रविवार जाऊ देत.

ता. क. ३. निमिष तुला फोन करतो का, असं ती विचारेल. दर रविवारी न चुकता करतो, असं मी तिला सांगून बसलो आहे. तेवढं सांभाळून घे.