कपाळावरचा चष्मा

६ डिसेंबर १९८५
गेला. उजवा डोळा गेला! लेझरचा झोत जुळवत होते, आरसा जरासा हलला आणि डोळ्यात टप्प असा आवाज झाला — खरंच आवाज! नजरेच्या मधोमध काळा डाग. लेझरपासून वाचवणारा चष्मा कपाळावर होता, नेहमीसारखाच. तो लावला की झोताचा ठिपकाच दिसत नाही, मग जुळवायचं कसं? खोलीत मी एकटीच होते.

७ डिसेंबर
मुद्दाम पॅरिसच्या डॉक्टरकडे गेले. इथे प्रयोगशाळेच्या गावात, ऑर्सेत, ओळखीचं कुणी भेटायला नको. "आतून भाजलंय, मादाम. हे भरून येत नाही. कामावर कळवलंत ना?"
हो म्हटलं. खोटं!
कळवलं तर सुरक्षेचा तिबोदो खोलीला टाळं ठोकेल. बाई म्हणून मला आधी भिंगं पुसायला बसवलं होतं. ही खोली मी भांडून मिळवली. आता कुठे एकेक फोटॉन हाती लागतोय. आणि माझी विद्यार्थिनी क्लोतिल्द! पोरीचा सगळा प्रबंध याच प्रयोगावर, शिष्यवृत्ती वसंतात संपते. तिच्यासाठी गप्प बसतेय, असं स्वतःला सांगते. निम्मं खरं आहे.

१२ डिसेंबर
बारीक काही बघायचं तर डाग आड येतो. मग गाल तळहातावर टेकवायचा, बोटांनी डोळा झाकायचा — विचारात असल्याचं सोंग. आज जेवताना प्रयोगशाळाप्रमुख वोक्लँसाहेबांनी टोमणा मारलाच, "सोलेन, ताटातसुद्धा समीकरणं? अगं, रस्सा गार झाला!"
सगळे हसले. मीही.

१३ डिसेंबर
क्लोतिल्द म्हणाली, "मादाम, तुम्ही दमलेल्या दिसता. झोत मी जुळवू?"
"जुळव. चष्मा लाव मात्र."
"चष्मा? तो लावून काय दिसणार? तुम्हीच तर शिकवलंत!"
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. मग ती कामाला लागली.

१९ डिसेंबर
आकडे आले — हवे होते तसेच! वोक्लँनी बाटली उघडली. क्लोतिल्द थांबली नाही. "डोकं दुखतंय" म्हणून लवकर घरी गेली. बिचारी रात्रंदिवस राबलीय.

२४ डिसेंबर
एकटीच. डाग तसाच आहे.

१० जानेवारी १९८६
आज प्रयोगशाळेत राजांचा केक कापला — आत लपवलेली बाहुली ज्याच्या तुकड्यात निघेल, तो त्या दिवसाचा राजा. सगळ्यांत लहान म्हणून रिवाजाप्रमाणे क्लोतिल्द टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते ओरडत होती. चिनी मातीची इवलीशी बाहुली निघाली तिच्याच तुकड्यात. वोक्लँनी कागदी मुकुट तिच्या डोक्यावर चढवला. "बघा तरी राणीसाहेब, काय निघालंय!"
तिनं बाहुली चिमटीत धरली. गाल तळहातावर टेकवला, बोटांनी डावा डोळा झाकला आणि मग ती निरखून बघितली.
तिचाही!
सगळे टाळ्या वाजवत होते.